रोहू शिकतेय : बाबांच्या ताटापर्यंतच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आजपासून सुरू. विषय एकच, रोहू. दर रविवारी एक आख्खा मासा आणायचा, जमेल तितकं स्वतः साफ करायचं, एका पद्धतीनं शिजवायचा आणि काय झालं ते त्याच रात्री लिहून ठेवायचं. मुदत जिवतीच्या अमावस्येपर्यंत, म्हणजे २४ जुलै, कारण दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि मग आमच्याकडे मासोळी बंद.

हे सगळं बाबांसाठी. दोन वर्षांआधी त्यांच्या घशात रोहूचा काटा अडकला होता, रात्री अकराला दवाखान्यात नेलं, तिथं दीड तास नुसतं बाकड्यावर बसवून ठेवलं आणि मग एका तरुण डॉक्टरनं चिमट्यानं काढून हातात दिला. दीडेक सेंटिमीटरचा, एका टोकाला दोन फाटे फुटलेला. त्या दिवसापासून बाबांनी मासोळीला हात लावला नाही. बहात्तर वर्षांचा माणूस, भंडाऱ्यातल्या साकोलीकडचा, तलावाच्या काठी वाढलेला, आणि आम्ही रविवारी मासोळी खातो तेव्हा ते समोर वरणभात घेऊन बसतात, मला ते बघवत नाही. त्यांची दुसरी तक्रार काट्याच्याही आधीची आहे, "बाजारातल्या रोहूले मातीचा वास येते." म्हणजे दोनच गोष्टी सोडवायच्या आहेत, काटे आणि वास.

आज नागपुरातल्या ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारातून १ किलो ३०० ग्रॅमचा आणला, तिथंच पीस करून घेतले. सावजी केला. मसाला महालमधल्या चक्कीवरून दळून आणला होता, सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून, खसखस, धणे, दगडफूल, लवंग, मिरी सगळं त्यात, वरून भिवापुरी मिरचीचं तिखट. तर्री अशी आली की भाकर बुडवली की हात लाल. मुलांनी दोनदा वाढून घेतलं. पण जेवताना मला सारखं वाटत होतं की ह्यात मासा कुठाय? चिकन टाकलं असतं तरी हीच चव, आलू टाकले असते तरी हीच. वास गेला नव्हता, नुसता झाकला होता, काट्याजवळचा मांसाचा तुकडा धुवून तोंडात टाकला तर तळ्याचा तो वास जसाच्या तसा. सावजी मला जीव की प्राण आहे, पण ह्या कामाला तो नको.

८ जून, रविवार

मृग लागला पण पाऊस नाही, उकाडा तसाच.

मागच्या वेळचा मासा शिळा होता असं आज कळलं. भोईपुऱ्यात गेले, तिथं एक मावशी बसतात, वय साठच्या वर असेल, त्यांना सरळ सांगितलं की मला ओळखायला शिकवा, मी दर रविवारी तुमच्याकडूनच घेईन. त्यांनी तीन मासे शेजारी शेजारी मांडले. "हा कतला, डोकं पाय केवढं, तोंड वर. हा मृगळ, सडपातळ, चांदीसारखा. आन हा रोहू, तोंड लहान, खाली झुकलेलं, ओठ पाय कसे झालरीवानी." खरंच झालरच आहे, बोट लावलं तर मऊ मऊ काठ लागतो. पर लालसर, आणि अंगावरच्या मोठ्या खवल्यांच्या मध्यावरही एक लालसर झाक, उन्हात धरलं की दिसते. तोंड असं का ते ऐकून मला फार भारी वाटलं. कतला पाण्याच्या वरच्या थरात खातो म्हणून त्याचं तोंड वर, मृगळ तळातलं खातो, रोहू मधल्या थरात, म्हणूनच तिघं एकाच तळ्यात सोडतात, एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

मग ताजेपणा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, बसलेला आणि दुधाळ नको. गलफडं उघडून बघायची, लाल हवीत, विटकरी झाली तर सोडून द्यायचं. बोटानं दाबलं की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. माझ्या मागच्या माशाची गलफडं मी बघितलीच नव्हती, दुकानदारानं डोकं आधीच छाटून ठेवलं होतं आणि आता मला कळतं की का.

नागपुरात येणारा बराचसा रोहू आंध्रातून ट्रकनं येतो, बर्फात, थर्माकोलच्या डब्यांत. कोल्लेरू सरोवराच्या आजूबाजूला, गोदावरी-कृष्णेच्या त्या पट्ट्यात हजारो एकर तळी आहेत आणि तिथं मुख्य पीक रोहूच, सोबत थोडा कतला. लोकल माल वेगळा, आपल्या इकडच्या तलावांचा, तो रोज नसतो आणि महागही पडतो. मावशी म्हणाल्या, "आंध्राचा वाईट नसते ताई, बर्फात नीट ठेवला तर चांगलाच लागते. लोकल म्हणून सडका घेऊ नको." हे मी अधोरेखित करून ठेवतेय, कारण मी लोकल म्हटलं की डोळे झाकून घेणाऱ्यातली.

आज फक्त हळद, मीठ, तिखट आणि तांदळाचं पीठ लावून तळला. खूपच बरा. वास थोडा आहेच. काटे सगळे आहेत.

१५ जून, रविवार

आज शिजवलं कमी आणि बघितलं जास्त.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकते, आपल्या माफसूचं, म्हणजे पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचंच कॉलेज ते, फुटाळ्याच्या बाजूला. तिला म्हटलं, बाई, मला एकदा आतून दाखव. ती खरंच ग्लोव्ह्ज घेऊन आली. ओट्यावर जुना पेपर अंथरला आणि मावशींकडून न कापता आणलेला दीड किलोचा रोहू ठेवला.

पहिली गोष्ट, जबड्यात दातच नाहीत. बोट फिरवलं, नुसत्या मऊ कडा. "काकू, दात घशात असतात," ती म्हणाली आणि गलफडांच्या मागून आतलं एक वाकडं हाड काढून दिलं, त्यावर तीन ओळींत बसके दात, लहान बाळाच्या दाढांसारखे. वरच्या बाजूला एक टणक गादी असते, तिच्यावर घासून हा खाणं चुरतो. शेवाळ, पाण्यातला पाला, कुजलेलं काहीबाही, त्यासाठी हे जातंच म्हणायचं.

दुसरी गोष्ट, पोट नाही. म्हणजे आपल्यासारखी जठराची पिशवी नाही, घशापासून सरळ आतडंच सुरू. आणि ते आतडं! गुंडाळी सोडवत सोडवत आम्ही किचनच्या दारापासून हॉलमधल्या टीव्हीपर्यंत आलो. शिवणाच्या टेपनं मोजलं, ४ मीटर १० सेंटिमीटर. मासा स्वतः ४६ सेंटिमीटरचा. पालापाचोळा खाणाऱ्याला पचवायला वेळ लागतो म्हणून एवढी लांबण. बाबा उठून बघायला आले, खुर्ची ओढून तिथंच बसले, दोन वर्षांत पहिल्यांदा माशाच्या एवढ्या जवळ.

मग माझ्याकडून चूक झाली. यकृताला चिकटून पित्ताची पिशवी असते, हिरवीकाळी, जांभळाएवढी, ती मी ओढताना फुटली. पाणी लगेच ओतलं पण पोटाकडचा एक पट्टा हिरवट झालाच, तो कापून टाकला, तरी बाजूचा तुकडा शिजवल्यावर कडू लागला. पुढच्या वेळी सुरीचं टोक पोटात खोल न घालता फक्त कातडी उचलून चिरायची आणि सगळं एकत्र हातानं बाहेर घ्यायचं. आणि ही गोष्ट कडूपणाच्या पलीकडची आहे, म्हणून ठळक लिहिते: रोहूचं पित्त विषारी असतं. काही लोक शुगरवर, सांध्यांवर औषध म्हणून ते कच्चं गिळतात आणि त्यानं किडनी बंद पडून माणसं दवाखान्यात भरती झालेली आहेत. शिजवल्यानंही ते विष जात नाही. कुणी सांगितलं तरी खाऊ नका, फेकून द्या, कुत्र्यामांजरालाही देऊ नका.

वासाचंही तिनंच सांगितलं. त्या वासाला नाव आहे, जिओस्मिन. तळ्यातले निळेहिरवे जिवाणू आणि मातीतले काही जिवाणू ते बनवतात, पाण्यात मिसळतं, मासा गलफडांतून आत घेतो आणि चरबीत साठवतो. १९६५ साली ते वेगळं काढून नाव दिलं गेलं, ग्रीकमधून, अर्थ सरळ मातीचा वास. आणि पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो वास येतो ना, त्यातही हेच. आपल्या नाकाला ते इतकं थोडं असलं तरी कळतं की पाण्याच्या टाकीत चिमूटभरही लागू नये. म्हणजे बाबा म्हणत होते ते खरं, मातीचाच वास, अक्षरशः. आणि अंगणात तो आला की आपण दार उघडून उभे राहतो, ताटात आला की ताट सरकवतो. मला ह्यावर रात्री झोप लागेना.

२२ जून, रविवार

पाऊस आला एकदाचा. खिडकी उघडून जिओस्मिन भरून घेतला.

आज वासाचा प्रयोग. एकाच माशाचे, पाठीच्या एकाच भागातले सारख्या जाडीचे तुकडे, चार वाट्यांत. पहिलीत नुसतं मिठाचं पाणी. दुसरीत लिंबू आणि मीठ. तिसरीत आंबट ताक. चौथीत हळद-बेसन चोळून. वीस मिनिटं सगळे, मग धुवून, मसाला न लावता वाफवले, आणि घरात चौघांना न सांगता चाखायला दिले. मिठाच्या पाण्यानं काहीच फरक नाही. बेसनानं चिकटपणा गेला, हाताचा वास गेला, पण आतला राहिला. लिंबू आणि ताक, दोन्हीत वास जवळपास गेला. आंबट लागलं की जिओस्मिन मोडतं, तळ्यातल्या माशाच्या कालवणात बऱ्याच ठिकाणी चिंच, लिंबू, कैरी असं काहीतरी आंबट असतं, ते उगाच नाही. फक्त लिंबात अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवला की मांस पांढरं पडून भुसभुशीत होतं, म्हणून मी ताकाच्या बाजूनं.

शिवाय तीन गोष्टी: पोटाच्या आतला काळसर पडदा जुन्या ब्रशनं घासून काढायचा, मणक्याखालचं साकळलेलं रक्त नखानं खरवडून काढायचं, आणि पोटाकडची पिवळी चरबी, जिथं वास जास्त असतो, ती अर्धी तरी काढायची. सगळी नाही, चव पण तिथंच आहे.

मूळ उपाय तर तळ्यावरचाच. मासा विकायच्या आधी काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला तर वास आपोआप उतरतो. पण तेवढा वेळ आणि पाणी कोण खर्च करणार, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देणार का. मी देईन.

२९ जून, रविवार

बाजूच्या फ्लॅटमधल्या बंगाली काकू, जन्म धंतोलीतला, मराठी आपल्यासारखीच बोलतात. त्यांना माझा प्रकल्प कळला तर त्या सकाळी नऊलाच चाकू घेऊन हजर. त्यांच्याकडे रोहूचे दोन भाग धरतात, पेटी आणि गादा. पेटी म्हणजे पोटाकडचा, गादा म्हणजे पाठीचा. आपण इथं बाजारात आडवे गोल पीस पाडून घेतो, त्यात दोन्ही एकत्र येतात, आणि खाणाऱ्याला कळतच नाही की कुठं कोणता काटा आहे. काकूंनी गोल पीस हातात घेऊन मधोमध आडवी सुरी घातली, मणका बाजूला काढला आणि वर-खाली दोन तुकडे वेगळे केले. "आता बघ. पेटीत फक्त बरगड्या, लांब, वाकड्या, दिसतात, बोटानं ओढल्या की निघतात. लहान मुलं, म्हातारी माणसं, त्यांना पेटी. गादा आम्ही खातो."

एवढं साधं! एवढी वर्षं मी ताटात काय वाढतेय हे मला माहीत नव्हतं. बाबांना त्या रात्री पाठीचा तुकडा वाढला होता, शेपटीकडचा, तो मीच वाढला होता.

मोहरीचं कालवण केलं त्यांनी. काळी-पिवळी मोहरी हिरव्या मिरचीबरोबर वाटून, मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून, मासा आधी हळद-मीठ लावून हलका तळून घेतलेला. फार छान, पण बाबांना मोहरीचा तो नाकात जाणारा झटका चालणार नाही. त्यांनी दारातूनच वास घेतला आणि मान हलवली. डोक्याचं काकूंनी मुगाच्या डाळीत काहीतरी केलं, ते मी पुढच्या वर्षी शिकेन.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. मासोळी नाही. साबुदाणा.

बाबांना बोलतं केलं. त्यांच्या लहानपणी गावात रोहू नव्हताच म्हणाले, म्हणजे कधीमधी. मालगुजारी तलाव आणि शेतातल्या बोड्या, त्यात मरळ, शिंगूर, दाडक. हे तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले, धानाला पाणी मिळावं म्हणून, आणि मासेमारी ढीवर समाजाची. नंतर सोसायट्या आल्या, सरकारी बीज आलं, कतला-रोहू-मृगळ सोडायला लागले आणि तलाव हळूहळू त्यांचेच झाले. रोहू मूळचा गंगेच्या बाजूचा, त्याचं शास्त्रीय वर्णन १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात केलं. आपल्याकडे वैनगंगेच्या खोऱ्यात तो माणसानं आणून सोडलेला पाहुणा. बाबांना ते ऐकून बरं वाटलं, म्हणाले, "मंग त्याचा काय दोष, जिथं सोडला तिथं वाढला."

पण दाडकाबद्दल ते बोलले तेव्हा मात्र आवाज वेगळा झाला. बोटाएवढा मासा, काट्यासकट कुरकुरीत भाजून खायचे. गावाकडे आता मिळत नाही म्हणतात. रोहू स्वस्त आहे, पोट भरतो, शंभर ग्रॅमला १७ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन देतो, त्याच्याविरुद्ध मला काही बोलायचं नाही, मी तर त्याच्यामागे रविवार घालवतेय. तरीही तलावात बीज सोडताना जुन्या माशांसाठी एक कोपरा राखावा असं मला मनापासून वाटतं, आणि ढीवर बायांनी असं काम काही गावांत केलेलंही आहे, पाणवनस्पती परत लावून.

मग स्वयंपाकाचं विचारलं. आजी मासोळीत मसाला टाकतच नव्हती. जवसाच्या तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद, पाणी, आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या कैरीच्या फोडी. मासोळी शेवटी टाकायची. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. बस. मी ऐकता ऐकता डायरीत ‘कैरी’ला गोल केला. आंबट! आजीला जिओस्मिन माहीत असायचं कारण नाही, तिच्या नाकाला माहीत होतं.

१० जुलै, गुरुवार

दोन दिवस एवढा पाऊस की काल शाळांना सुट्टी होती. आज मुद्दाम नोंद, कारण तारीख तशी आहे.

रोहू साचलेल्या तळ्यात अंडी घालतच नाही. त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं, पावसाळ्यात नदी फुगून काठ ओलांडते तिथल्या उथळ पाण्यात तो अंडी टाकतो. म्हणून पूर्वी मत्स्यबीज म्हणजे नदीतून पुराच्या वेळी बारीक जाळी लावून गोळा केलेलं, कोणत्या माशाचं काय आलं ते कळायचंही नाही, आणि ते मडक्यांत भरून रेल्वेनं दूरदूर पाठवायचे. मग १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्प माशांना, म्हणजे रोहूच्याच घराण्यातल्या माशांना, मेंदूखालच्या पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. म्हणूनच १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस. मावशींच्या टोपलीतला रोहू, आंध्राची ती तळी, सगळं त्या एका इंजेक्शनवर उभं आहे, आणि आपल्याला त्या माणसाचं नावही शाळेत सांगत नाहीत.

आता हॅचरीत गोल टाक्या असतात, पाणी गोल गोल फिरवत ठेवतात म्हणजे अंड्यांना नदीत असल्यासारखं. संध्याकाळी इंजेक्शन, रात्रीत अंडी, आणि १५-१८ तासांत पिल्लं बाहेर. एक किलोच्या मादीला दोन-तीन लाख अंडी. ती पिल्लं जिऱ्यासारखी दिसतात म्हणून मत्स्यजिरे, मग बोटाएवढी झाली की बोटुकली. काय गोड शब्द आहेत आपले. खाणं म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप, आमच्या गोठ्यातलंच. भुवनेश्वरच्या मत्स्यशेती संशोधन संस्थेनं नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर निवड पद्धतीनं ‘जयंती’ रोहू तयार केला, १९९७ साली, स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली म्हणून ते नाव, पिढीमागे वाढ सरासरी १७ टक्क्यांनी जास्त.

वरच्या मुलीनं आणखी एक सांगितलं, ढगाळ दिवसांत पहाटे मासे तळ्यात वर येऊन तोंड उघडझाप करतात. ऊन नसलं की शेवाळ ऑक्सिजन करत नाही आणि रात्रभर सगळे श्वास घेत असतात, पहाटे पाण्यात काही उरत नाही. शेतकरी तेव्हा पंप लावून पाणी उडवत बसतो. कालपरवाच्या पावसात किती जण असे तळ्यावर जागले असतील.

१३ जुलै, रविवार

काटे. आज फक्त काटे.

पाठीतले बारीक काटे मणक्याला जोडलेले नसतातच, म्हणून मणका काढला तरी ते राहतात. मांसाच्या पाकळ्या असतात ना, शिजल्यावर सुटतात त्या, त्यांच्या मधल्या पडद्यात ते तरंगत असतात, इंग्रजी वाय अक्षरासारखे. बाबांच्या घशातला तोच. चिमट्यानं एकेक ओढायचा प्रयत्न केला, पाऊण तासात एका बाजूचे तीस निघाले, मांसाच्या चिंध्या झाल्या. सोडून दिलं.

मग चिरा. पाठीचा लांब तुकडा हाडावरून सोडवून घ्यायचा, कातडी खाली ठेवायची आणि वरून आडव्या चिरा मारत जायचं, कातडीपर्यंत, पण कातडी कापायची नाही. दोन चिरांमध्ये अंतर तीन मिलिमीटर. सुरी धारदार हवी, नाहीतर काटा कापला न जाता बाजूला सरकतो. आणि काटा कापला गेला की कळतं, हाताला कळतं आणि कानालाही, खर्र, खर्र, प्रत्येक चिरेला दोन-तीनदा. कोऱ्या कापडावर कात्री चालवल्यासारखं. पहिला तुकडा झाला तेव्हा मी कान लावून करत होते. मग ताक, मग पुसून कोरडा, हळद-मीठ-तिखट चिरांच्या आतपर्यंत, तांदळाचं पीठ, आणि चांगल्या गरम तेलात. तेल चिरांमध्ये शिरतं आणि काट्याचे ते तीन मिलिमीटरचे तुकडे कुरकुरीत होऊन जातात. पूर्ण ताजा मासा लगेच तळला तर आकसून वाकडा होतो, म्हणून दोन-तीन तास बर्फात ठेवून मग.

मी खाल्ला. यांनी खाल्ला. जिभेवर बारीक रवाळ लागतं, टोचत नाही. मुलांना अजून दिला नाही.

२० जुलै, रविवार

कुकरमध्ये कैरी घालून चाळीस मिनिटं मंद आचेवर ठेवून पाहिला. काटे मऊ झाले हे खरं, पण मासाही विरघळून कालवण पिठल्यासारखं झालं. नको. चिराच.

रंगीत तालीम पूर्ण केली. मुलांना दिला, धाकटीनं चार तुकडे खाल्ले आणि पाणी मागितलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. वाळलेली कैरी इतवारीत मिळाली, काळपट, कडक, अर्धा तास भिजवावी लागते.

२४ जुलै, गुरुवार, जिवती

ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी घेतली. मावशींना काल फोन केला होता, त्यांनी लोकल ठेवला होता, १ किलो ६०० ग्रॅम, गलफडं कुंकवासारखी. पित्ताची पिशवी आख्खी निघाली. पडदा घासला, रक्त काढलं, पेटी आणि गादा वेगळे, वीस मिनिटं ताकात.

पेटीचा आजीसारखा रस्सा. लोखंडी कढईत जवसाचं तेल, पाट्यावर ठेचलेला लसूण, मिरची, हळद, भिजवलेली कैरी तिच्या पाण्यासकट, उकळी आली की मासा, झाकण, आठ मिनिटं, चमचा घालायचा नाही, कढईच धरून हलवायची. वरून सांबार. पाठीचे तुकडे चिरा मारून तळलेले, वेगळ्या ताटलीत.

बाबांना काही म्हटलं नाही. वरणभात नेहमीसारखा वाढला आणि बाजूला वाटीत रस्सा ठेवला, एकच पेटी, बरगड्या मी आधीच ओढून काढलेल्या. त्यांनी आधी वाटी उचलून वास घेतला. बराच वेळ. मग भातावर रस्सा ओतला, मग बोटांनी मासा चाचपला, एकदा, दोनदा, मोडून मोडून, आणि खाल्ला. कुणीच बोलत नव्हतं, धाकटी पण नाही. "कैरी टाकली," ते म्हणाले. हो म्हटलं.

वाटी संपल्यावर त्यांनी तळलेल्या ताटलीकडे बोट केलं. "हे पाठीचं ना?" मी म्हटलं बाबा, हे राहू द्या हवं तर. त्यांनी एक तुकडा घेतला, अंगठ्यात आणि बोटात चुरला, दिव्याकडे धरून पाहिला, तोंडात टाकला आणि पुढच्या दातांनी हळूहळू चावत राहिले. मी पाण्याचा ग्लास धरूनच उभी होते. मग दुसरा तुकडा. तिसरा शेपटीकडचा होता, त्यातून त्यांनी दोन बारीक काटे जिभेनं बाहेर आणले आणि ताटाच्या काठावर एकाशेजारी एक ठेवले.

"इथं चिरा लांब पडल्या. शेपटीकडे जवळ जवळ मार."

जेवण झाल्यावर उरलेल्या तुकड्यावर पट्टी ठेवून मोजलं. शेपटीकडे पाच मिलिमीटर झाल्या होत्या, तिथं मांस पातळ होतं आणि माझा हात घाई करतो. पुढच्या वेळी तिथं दोन. सुरी उद्या धार लावायला देते.